दुर्गम वाळवंटी विमानतळावर टर्बोप्रॉप प्रवासी विमान नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवंटातील एकाकी विमानतळावर प्रवासी घेऊन जाणाऱ्या टर्बोप्रॉप विमानांविषयी प्रवासी, शिकाऊ वैमानिक आणि उड्डाणाचे नियोजन करणारे कर्मचारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचा संबंध दोन उत्तरांशी येत असेल, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे समजण्यासाठी दिलेले आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठी त्या त्या विमानाची उड्डाणपुस्तिका आणि त्या देशाचे नियम हेच प्रमाण मानावेत.

१. अशा ठिकाणी जेट विमान न पाठवता टर्बोप्रॉपच का पाठवतात?

टर्बोप्रॉप विमानात इंजिनही जेटसारखे टर्बाइनचेच असते. त्याची बहुतेक शक्ती मात्र मोठा प्रोपेलर फिरवण्यासाठी वापरली जाते. प्रोपेलर भरपूर हवा थोड्या वेगाने मागे ढकलतो, त्यामुळे कमी वेगातही त्याचा जोर चांगला असतो आणि काही शे किलोमीटरच्या टप्प्यावर इंधन कमी लागते. एटीआर ७२-६०० हे सुमारे ७० आसनांचे विमान पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीवर आणि प्रमाण तापमानात साधारण १,३०० मीटर धावपट्टीवरून उड्डाण करू शकते. त्याचे कमाल वजन २३ टनांच्या आसपास असल्याने पातळ डांबराच्या धावपट्टीलाही ते झेपते. याशिवाय एटीआर आणि डॅश ८ या दोन्ही विमानांचे पंख वर असल्याने प्रोपेलर जमिनीपासून बऱ्यापैकी उंच राहतात, आणि वाळू व खडी उडणाऱ्या ठिकाणी याचा फार उपयोग होतो. आठवड्यातून मोजकेच प्रवासी येणाऱ्या गावासाठी मोठी धावपट्टी बांधून ती सांभाळणे कोणालाच परवडत नाही. म्हणून तेथे टर्बोप्रॉप हाच खरा पर्याय उरतो.

२. उन्हाळ्यात विमानाची ताकद कमी होते असे म्हणतात. नेमके काय होते?

हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेचा फटका पंख, प्रोपेलर व इंजिन या तिघांनाही बसतो. हा परिणाम मोजण्यासाठी वैमानिक ‘घनता-उंची’ काढतात, म्हणजे आजची हवा प्रमाण वातावरणातील कोणत्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते पाहतात. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीवर तापमान १५ अंश सेल्सिअस आणि दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात. प्रत्येक किलोमीटरला तापमान ६.५ अंशांनी उतरते. ढोबळ नियम असा की, त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक जास्तीच्या अंशामागे घनता-उंची सुमारे १२० फुटांनी वाढते.

एक उदाहरण घेऊ. धावपट्टी समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच आहे, दाब प्रमाणाइतका आहे आणि दुपारचे तापमान ४५ अंश आहे. त्या उंचीवरील प्रमाण तापमान सुमारे ११ अंश, म्हणजे फरक ३४ अंशांचा. घनता-उंची सुमारे ६,००० फूट, म्हणजे १,८५० मीटरच्या आसपास निघते. डोळ्यांना सपाट वाळवंट दिसत असले, तरी विमान एखाद्या डोंगरमाथ्यावरून उड्डाण केल्यासारखे वागते. ती हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १७ टक्के विरळ असते. वेगमापकावर ११० नॉट (ताशी सागरी मैल) दिसत असताना विमान हवेतून खरोखर सुमारे १२० नॉटने जात असते, आणि वारा नसेल तर जमिनीवरचा वेगही तितकाच असतो. धाव लांबते, चढण मंदावते आणि उड्डाण मध्येच सोडून थांबायचे झाल्यास ब्रेकना सुमारे एक पंचमांश जास्त ऊर्जा शोषावी लागते.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. टर्बोप्रॉपची इंजिने एका ठरावीक तापमानापर्यंत पूर्ण शक्ती देतात. त्यापुढे आतील वायूच्या तापमानाची मर्यादा आड येते आणि दर अंशागणिक शक्ती कमी करावी लागते. म्हणून ३० ते ३५ अंशांतील फरक फारसा जाणवत नाही, पण ४० ते ४५ अंशांतील फरक विमानाच्या कामगिरीच्या तक्त्यावर ठळकपणे दिसतो.

३. जागा रिकाम्या असूनही माझे सामान मागे ठेवले. हे कसे?

आसनांची संख्या ही केवळ एक मर्यादा आहे. उड्डाणाच्या वेळी दोनांपैकी एक इंजिन ऐन मोक्याच्या क्षणी बंद पडले, तरी उरलेल्या इंजिनावर विमान ठरावीक प्रमाणात चढलेच पाहिजे, असा नियम आहे. दोन इंजिनांच्या विमानासाठी चाके आत घेतल्यानंतरच्या टप्प्यात ही चढण किमान २.४ टक्के असावी लागते. तापलेल्या हवेत ही अट पूर्ण करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वजन कमी करणे. इंधन कमी करता येत नाही (प्रश्न ४ व ६ पाहा), त्यामुळे कात्री लागते ती सामानाला आणि कधी कधी प्रवाशांनाही. मागे राहिलेल्या बॅगेचा त्रास खरा आहे, आणि प्रवाशांना हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते. परंतु हा हिशोब दोन्ही इंजिने चालू आहेत असे धरून करणे हा कधीच पर्याय नसतो.

४. जवळपास दुसरा विमानतळच नसेल, तर किती इंधन घेतात?

साधारण उड्डाणात गंतव्यापर्यंतचे इंधन, अंदाज चुकल्यास लागणारे आकस्मिक इंधन, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि शेवटची राखीव मात्रा असा हिशोब असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ नुसार टर्बाइन इंजिनाच्या विमानासाठी ही शेवटची राखीव मात्रा विमानतळाच्या ४५० मीटर वर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतकी असते. पोहोचण्याजोगा पर्यायच नसेल, तर गंतव्याला ‘एकाकी विमानतळ’ मानून वेगळा नियम लावला जातो : गंतव्याच्या माथ्यावर पोहोचल्यावर नेहमीच्या उड्डाणखर्चाने दोन तास पुरेल इतके इंधन शिल्लक हवे, आणि त्या दोन तासांत शेवटची राखीव मात्राही धरलेली असते.

दोन तास पुष्कळ वाटतात. धुळीचे वादळ मात्र कधी अर्ध्या तासात सरते, तर कधी दिवसभर हटत नाही. त्यामुळे या नियमाला जोडूनच दुसरी अट येते : प्रत्येक उड्डाणासाठी परतीची शेवटची हद्द ठरवलेली असली पाहिजे, आणि ती ओलांडण्यापूर्वी गंतव्याची ताजी स्थिती तपासलेली असली पाहिजे. ती हद्द पुढील प्रश्नात समजावली आहे.

५. ‘परतीची शेवटची हद्द’ म्हणजे काय आणि ती कशी काढतात?

मार्गावरील ज्या बिंदूनंतर निघालेल्या ठिकाणी सुरक्षित राखीव इंधनासह परतता येत नाही, तो हा बिंदू. सूत्र सोपे आहे. राखीव इंधन वगळून उरलेल्या इंधनावर किती तास उडता येईल ते घ्यावे, त्याला परतीच्या जमिनीवरील वेगाने गुणावे आणि जाताना-येतानाच्या वेगांच्या बेरजेने भागावे. उत्तर येते ते निघाल्यापासूनच्या वेळेत.

समजा चार तासांचे वापरण्याजोगे इंधन आहे. जाताना समोरच्या वाऱ्यामुळे वेग ताशी ४०० किलोमीटर आणि परतताना पाठीमागच्या वाऱ्यामुळे ताशी ५०० किलोमीटर आहे. ४ गुणिले ५०० भागिले ९०० म्हणजे सुमारे २.२२ तास, अर्थात २ तास १३ मिनिटे. अंतर जवळपास ८९० किलोमीटर. गंतव्य ७०० किलोमीटरवर असेल, तर हद्द त्याच्या पलीकडे पडते. विमान पावणेदोन तासांत, म्हणजे १ तास ४५ मिनिटांत तेथे पोहोचते, परतीला १ तास २४ मिनिटे लागतात आणि माथ्यावर थांबण्यासाठी सुमारे ५१ मिनिटे मिळतात. अशा वेळी वैमानिक अंतराऐवजी घड्याळ पाहतो : अमुक वाजता उतरलो नाही, तर परत फिरायचे.

येथे एक चूक वारंवार दिसते. हा हिशोब केवळ दोन्ही इंजिने चालू धरून केला जातो. एक इंजिन बंद पडल्यास विमान कमी उंचीवर, कमी वेगाने उडते. केबिनचा दाब गेल्यास तर खाली येऊनच उडावे लागते. या दोन्ही स्थितींसाठी आकडे वेगळे येतात आणि त्यांतील सर्वांत आधी येणारी हद्द पाळावी लागते.

हद्द ओलांडल्यावर स्थिती बिघडली तर? एकाच विमानतळावर उतरणे भाग आहे आणि आणखी उशीर झाल्यास शेवटच्या राखीव मात्रेला हात लागेल, अशी वेळ आल्यास वैमानिक रेडिओवर ‘मिनिमम फ्युएल’ असे कळवतो. उतरताना राखीव मात्रेपेक्षा कमी इंधन उरणार हे हिशोबाने दिसताच ‘मेडे फ्युएल’ ही आणीबाणीची घोषणा करणे बंधनकारक असते.

६. तेथे इंधन मिळत नसेल तर परतीचे इंधन जातानाच नेतात का?

होय, आणि येथेच प्रश्न २ व ३ मधील अडचण दुप्पट होते, कारण परतीचे इंधन म्हणजे जातानाचे वजन. कधी मधल्या एखाद्या विमानतळावर थांबून इंधन भरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

इंधन मिळत असले तरी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. तापलेले इंधन फुगते. ३० अंशांच्या वाढीने त्याची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर अवलंबून असल्याने काठोकाठ भरलेल्या टाकीतही उन्हाळ्यात कमी किलो इंधन बसते. म्हणून हिशोब लिटरऐवजी किलोत करतात. दुसरे म्हणजे, जेट ए-१ इंधनाचा ज्वलनबिंदू किमान ३८ अंश असावा, असे मानक आहे. ४५ अंशांच्या दुपारी इंधन त्याच्याही वर तापलेले असू शकते, म्हणजे ठिणगी पडल्यास त्याची वाफ पेट घेऊ शकते. ठिणगी टाळण्यासाठी विमान आणि इंधनगाडी विद्युतवाहक तारेने जोडण्याची पद्धत अशा ठिकाणी जराही ढिली पडता कामा नये. पिंपांत साठवलेल्या इंधनात पाणी व वाळू आहे का, हे प्रत्येक वेळी नमुना काढून पाहावे लागते.

७. टॉवर नसलेल्या विमानतळावर वैमानिक कोणाशी बोलतो?

आसपास असलेल्या सगळ्यांशी. ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आपले स्थान, उंची, हेतू आणि पोहोचण्याची वेळ सांगितली जाते व इतरांचे ऐकले जाते. ऑस्ट्रेलियात स्वतंत्र फ्रीक्वेन्सी नसलेल्या ठिकाणी १२६.७ मेगाहर्ट्झ वापरतात. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मार्गावर असताना १२६.९ मेगाहर्ट्झवर विमाने एकमेकांना आपली स्थिती कळवतात. काही ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्र वारा, तापमान आणि दाब रेडिओवर वाचून दाखवते. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो : कोणी उत्तर दिले नाही याचा अर्थ आकाश रिकामे आहे असा होत नाही. चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर बोलणारे विमानही गप्पच वाटते.

८. धुळीचे वादळ आधी कळते का? विमानाच्या रडारवर दिसत नाही का?

विमानातील हवामान-रडार पाण्याच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपते. कोरडी धूळ त्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अहवाल वाचण्याला पर्याय नाही. विमानतळाच्या हवामान अहवालात ‘डीयू’ म्हणजे सर्वत्र पसरलेली धूळ, ‘बीएलडीयू’ म्हणजे वाऱ्याने उडणारी धूळ, ‘डीएस’ म्हणजे धुळीचे वादळ, ‘एसएस’ म्हणजे वाळूचे वादळ आणि ‘पीओ’ म्हणजे वावटळी. यांतील ‘डीएस’ आणि ‘डीयू’ यांत गल्लत करू नये. पहिल्यात दृश्यमानता सामान्यतः १,००० मीटरच्या खाली गेलेली असते.

सर्वांत फसवे वादळ म्हणजे हबूब. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि आपल्यापुढे धुळीची भिंत ढकलत नेते. ही भिंत किलोमीटरभर किंवा त्याहूनही उंच असू शकते. ढग दूर असतो, विमानतळावर ऊन असते, आणि काही मिनिटांत वारा उलटून दृश्यमानता नाहीशी होते. रडारवर धूळ दिसत नसली, तरी तिला जन्म देणारा ढग दिसतो, हे येथे कामी येते. विमानतळाच्या ५० किलोमीटर परिसरात असा ढग असेल, तर त्याला केवळ वळसा घालून उतरण्याची घाई करू नये.

९. वरून धावपट्टी स्वच्छ दिसत होती, तरीही वैमानिक उतरला नाही. का?

हा प्रश्न नाराज प्रवाशांकडून सर्वाधिक येतो, आणि नाराजी समजण्यासारखी आहे. धुळीचा थर बहुधा जाडीने कमी आणि आडवा दूरवर पसरलेला असतो. विमान माथ्यावर असताना नजर त्या थरातून सरळ खाली, म्हणजे कमीत कमी धुळीतून जाते. उतरताना मात्र विमान साधारण तीन अंशांच्या कोनात येते आणि नजरेला त्याच थरातून तिरके, कित्येक पट लांब अंतर कापावे लागते. समजा थर ३०० मीटर जाडीचा आहे. सरळ खाली पाहताना ३०० मीटर धूळ आडवी येते, तर तीन अंशांच्या कोनातून पाहताना जवळपास पावणेसहा किलोमीटर. माथ्यावरून मोजता येण्याइतकी स्पष्ट धावपट्टी शेवटच्या टप्प्यात अचानक पुसली जाते. ठरलेल्या किमान उंचीवर ती दिसली नाही, तर शक्ती वाढवून पुन्हा वर जाणे हाच एकमेव योग्य निर्णय असतो. दुसऱ्या प्रयत्नानंतर काय करायचे, हे प्रश्न ५ मधील घड्याळ ठरवते.

१०. धूळ इंजिनात गेली तर इंजिन बंद पडते का?

सहसा लगेच नाही. नुकसान हळूहळू होते : वाळूचे कण कॉम्प्रेसरच्या (इंजिनात आलेली हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांच्या कडा झिजवतात, तीच शक्ती देण्यासाठी इंजिन अधिक तापू लागते, आणि म्हणून प्रश्न २ मधील तापमानाची मर्यादा लवकर गाठली जाते. अनेक टर्बोप्रॉप इंजिनांच्या हवामार्गाला मुद्दाम तीव्र वळण दिलेले असते. हलकी हवा वळते, जड कण सरळ जाऊन बाहेर पडतात. अतिसूक्ष्म धूळ मात्र हवेबरोबरच आत वळते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक उड्डाणातील शक्ती व तापमानाच्या नोंदींचा कल पाहणे, कॉम्प्रेसर वेळोवेळी धुणे, आणि उभ्या विमानाच्या इंजिनांना व हवेचा दाब घेणाऱ्या नळ्यांना झाकणे घालणे. ही झाकणे उड्डाणापूर्वी काढली आहेत ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे.

११. कच्च्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरवणे कायदेशीर आहे का?

विमानाला तशी मान्यता असेल, आवश्यक संरक्षक बदल केलेले असतील आणि कंपनीला परवानगी असेल, तर होय. उड्डाण करताना एका जागी थांबून पूर्ण शक्ती देणे टाळतात, कारण त्या वेळी प्रोपेलर स्वतःखालची खडी उचलून घेतो. विमान थोडे चालू लागल्यावर शक्ती हळूहळू वाढवतात. उतरल्यावर प्रोपेलरची उलटी दिशा (पात्यांचा कोन बदलून हवा पुढे ढकलणे) वेग कमी होण्याआधीच सोडून देतात, नाहीतर उडालेली धूळ पुढे येऊन वैमानिकाला काही दिसेनासे होते.

वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडला की कच्ची धावपट्टी चिखल होते. वरचा थर सुकलेला दिसत असताना आतली माती मऊ असू शकते. ती चालून, गाडी फिरवून तपासल्याशिवाय उघडली जाऊ नये. उंट, गाढवे किंवा कांगारू धावपट्टीवर नाहीत ना, हेही त्याच फेरीत पाहिले जाते.

१२. प्रोपेलरची उलटी दिशा हवेत वापरून विमान लवकर खाली आणता येईल का?

मुळीच नाही. जमिनीवर वापरण्याच्या कक्षेत प्रोपेलरची पाती जवळजवळ आडवी होतात आणि प्रचंड रोध निर्माण करतात. हवेत असे झाल्यास विमानावरचा ताबा सुटतो. १० फेब्रुवारी २००४ रोजी शारजा येथे उतरणाऱ्या फॉकर ५० विमानाचे प्रोपेलर हवेतच जमिनीच्या कक्षेत गेले आणि विमानातील ४६ पैकी ४३ जणांचा मृत्यू झाला. उंची जास्त वाटत असेल, तर फेरी मारून पुन्हा यावे.

१३. रात्री वाळवंटात उतरणे अधिक धोक्याचे का मानतात?

भोवती एकही दिवा नसताना केवळ धावपट्टीचे दिवे दिसत असतील, तर मेंदूला उंची जास्त वाटते आणि वैमानिक नकळत खाली येत राहतो. याला ‘काळ्या विवराचा भ्रम’ म्हणतात. हा भ्रम अनुभवी वैमानिकालाही होतो, म्हणून नजरेवर भिस्त न ठेवता धावपट्टीच्या कडेला असलेले चार दिवे पाहावेत : दोन पांढरे व दोन लाल असतील तर उतरण योग्य, चारही लाल असतील तर विमान धोकादायकपणे खाली आहे. हे दिवे नसतील, तर तीन अंशांच्या उतरणीसाठी प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट, हा हिशोब तोंडपाठ हवा. पाच मैलांवर साधारण १,५०० फूट.

कित्येक ठिकाणी दिवे वैमानिकच रेडिओचे बटण ठरावीक वेळा दाबून लावतो. ते काही काळाने आपोआप विझतात. ऑस्ट्रेलियात किमान ३० मिनिटे, तर अमेरिकेत १५ मिनिटे. अंतिम उतरणीवर येण्यापूर्वी ते पुन्हा लावून वेळ नव्याने सुरू करणे ही चांगली सवय आहे.

१४. मग पहाटेचे उड्डाण सर्वांत सुरक्षित म्हणायचे का?

बहुतेक दृष्टींनी होय. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह उन्हाळ्यात सहारावर पाच-सहा किलोमीटरपर्यंत पोहोचतात आणि एटीआरची कमाल उड्डाणउंचीच ७.६ किलोमीटर असल्याने हेलकावे पूर्णपणे टाळता येत नाहीत. पहाटे हवा थंड आणि स्थिर असते. अपवाद असा : निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते व तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. धावपट्टीवर २० अंश असताना काहीशे मीटर वर २८ अंश असू शकतात, आणि तेथे वारा जमिनीपेक्षा कितीतरी जोराचा असू शकतो. चढताना विमान अचानक उबदार हवेत शिरते, कामगिरी घटते आणि पाठीमागून वारा आल्यास वेगही पडतो. तक्ते मात्र धावपट्टीवरील तापमानाने भरलेले असतात. अशा सकाळी थोडे वजन राखून ठेवणे हा माझ्या मते योग्य निर्णय आहे.

१५. उपग्रहावर आधारित उतरणीत उष्णतेमुळे काही फरक पडतो का?

उतरणीची उभी दिशा दाबावर चालणाऱ्या उंचीमापकावरून ठरत असेल, तर पडतो. तापलेल्या हवेचे थर फुगलेले असतात, त्यामुळे विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा प्रत्यक्षात वर असते. प्रमाणापेक्षा ३० अंश जास्त तापमानात तीन अंशांची उतरण प्रत्यक्षात सुमारे ३.३ अंशांची होते. वेग आटोक्यात ठेवणे कठीण जाते आणि विमान धावपट्टीच्या सुरुवातीला उंच पोहोचते. म्हणून अशा उतरणीच्या नकाशावर तापमानाची वरची मर्यादाही छापलेली असू शकते. थंडीतील मर्यादा सगळे पाहतात, ही वरची मात्र नजरेतून सुटते. स्थानिक दाब मिळत नसल्यास आणखी एक फरक मिसळतो : एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे ३० फूट.

१६. जमिनीवर उभे असताना केबिन इतकी का तापते?

एटीआरमध्ये वेगळे सहाय्यक इंजिन नसते. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवतात आणि ते इंजिन केवळ वीज व हवेसाठी चालवतात. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. वाऱ्याची दिशा प्रतिकूल असेल तर तो वापरता येत नाही. दुर्गम विमानतळावर बाहेरून थंड हवा पुरवणारी गाडीही क्वचितच असते. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याची विनंती याच कारणाने केली जाते.

१७. तेथे विमान बिघडले तर प्रवाशांचे काय?

काही उपकरणे बंद असतानाही उड्डाण करता येते आणि त्यांची मान्य यादी विमानात असते. यादीत बसणारा बिघाडही अशा ठिकाणी वेगळा तोलावा लागतो, कारण येथून निघाल्यावर पुढील तंत्रज्ञ कदाचित तीन तासांवर असेल. काही कंपन्या अशा मार्गावर तंत्रज्ञ आणि चाक, ब्रेक यांसारखे सुटे भाग सोबत पाठवतात. त्यांचे वजनही प्रश्न ३ मधील हिशोबात धरले जाते.

शोध व बचाव विशेष कठीण आहे असे संबंधित देशाने ठरवलेल्या प्रदेशावरून उडताना विमानात संकेत देण्याची साधने आणि जगण्यासाठी लागणारी सामग्री असणे आवश्यक असते. आणीबाणीचे प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतात. पाणी माणशी किती घेतले आहे, हे निघण्यापूर्वी विमानप्रमुखाने स्वतः मोजून पाहावे, आणि विमान वाळवंटात उतरावे लागलेच तर सर्वांनी विमानाजवळच थांबावे, कारण आकाशातून शोधणाऱ्याला एकटा चालणारा माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी विमान दिसते.